एकसष्ट होकार

सुनेत्रा मगदूमला मूर्ख माणूस लांबून ओळखू यायचा, आणि तिच्या मते पुण्यात दुसऱ्या प्रकारची माणसं फारशी शिल्लक नव्हती.

त्या गुरुवारी सकाळी दहा वाजता असे साठ जण तिच्यासमोर एकगठ्ठा आणून बसवले होते. दोन हजार त्रेचाळीस साल, सप्टेंबर महिना, बाणेरची ‘सादघर’ कंपनी, चौथ्या मजल्यावरचं सभागृह. नुकतेच भरती झालेले कोवळे इंजिनिअर, प्रत्येकाच्या हातात कंपनीनं फुकट दिलेला कॉफीचा पेला. ड्रायव्हर, म्हणजे एखाद्या यंत्राची हाक आत पोचवणारा प्रोग्रॅम, कसा लिहू नये, हे सुनेत्राबाईंनी त्यांना सांगायचं होतं. बाईंचं वय चौपन्न. कंपनीत आता जवळजवळ सगळा कोड यंत्रंच लिहीत. तो माणसाच्या डोळ्यांनी वाचून काढणारे जे दोन-चार जण उरले होते, त्यांत ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात तिखट.

“मण्याचा ड्रायव्हर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत किती जणांनी वाचलाय?” तिनं विचारलं.

तीन हात वर झाले. त्यातला एक अर्ध्यावरच थांबला.

“बाकीचे काय शोभेला आलाय?”

कोणी हसलं नाही. तिची कीर्ती त्यांच्या आधीच येऊन बसली होती.

मणी म्हणजे काय, हे त्या साली शेंबडं पोरसुद्धा सांगू शकत असे, पण आत काय चालतं ते विचारलं तर भलेभले गप्प बसत. मेंदूतून निघून थेट पोटापर्यंत भटकत जाणारा एक मज्जातंतू आहे. त्याची एक बारीक फांदी कानात येते. या फांदीला अगदी हलका विजेचा झटका दिला, की हातातलं काम सुटतं आणि माणसाचं लक्ष जागेवर खेचलं जातं. आवाज नाही, थरथर नाही, नुसती आतून आलेली हाक. सादघरनं ज्वारीच्या दाण्याएवढा मणी केला, तो कानामागच्या कातडीखाली बसवला आणि त्यात एक नेटवर्कची चिप घातली. ऑफिस, घर, डॉक्टर, बँक, दूधवाला, ज्याला म्हणून तुमचं लक्ष हवं, तो या चिपमार्फत हाक मारणार. फोन वाजत बसायचे ते दिवस संपले, अशी जाहिरात कंपनीनं केली होती.

अडचण एकच होती. हाका मारणारे शंभर आणि फांदी एक.

“संगणकात ही अडचण तुमच्या आज्यांच्या वेळेपासून आहे,” सुनेत्रा सांगत होती. “इंटरप्टची, म्हणजे मधेच हाक मारायची, तार एक, आणि तिच्यावर यंत्रं पाच. तार खेचली गेली की आतल्या प्रोसेसरला एवढंच कळतं, की काहीतरी आलंय. काय आलंय, कोणाचं आलंय, काही कळत नाही. मग यादीत नावं असतील त्या क्रमानं प्रत्येकाला विचारायचं, ‘तुझं आहे का?’ ज्याला विचारलं त्यानं आधी स्वतःचा खण उघडून बघायचा. खणात काही असेल तर ‘माझं’ म्हणायचं, नसेल तर ‘माझं नाही’ म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. बस्स. एवढंच काम असतं ड्रायव्हरला. तेवढंही धड करत नाहीत लोक.”

तिनं मग तिचा आवडता दाखला दिला. तिचे वडील, अण्णा, जयसिंगपूरच्या टेलिफोन एक्सचेंजात ऑपरेटर होते. आसपासच्या खेड्यांना त्या काळी एकाच तारेवर सात-सात फोन असत. घंटी सातही घरांत वाजायची. दोन लांब आणि एक आखूड म्हणजे डॉक्टरांचा, तीन आखूड म्हणजे सोसायटीचा. प्रत्येकानं घंटी ऐकायची, आपली आहे का ते ठरवायचं, आणि आपली नसेल तर फोनला हात लावायचा नाही.

“दहावी पास माणूस,” ती म्हणाली. “त्यांना जे कळत होतं ते तुमच्या पदव्यांना कळत नाही.”

पुढचा भाग तिच्या खास रागाचा होता. संगणकात एकानं ‘माझं’ म्हटलं तरी बाकीच्यांना विचारून घेतात, कारण एकाच क्षणी दोघांचंही काही आलेलं असू शकतं. मण्यात तसं करून चाललं नव्हतं. एकामागोमाग दोन झटके बसले की माणसाला भोवळ यायची. पहिल्या चाचण्यांत अकरा जण ओकले होते. म्हणून सुनेत्रानंच नियम घातला, की पहिल्या होकाराला थांबायचं. एकानं ‘माझं’ म्हटलं की पुढच्यांना विचारायचंच नाही. घरात जो हाकेचा डबा असतो, त्यालाही तिनं हाच नियम लावला. डब्यावरचं किंवा त्याच्या जोडीला गळ्यात घालायच्या पदकावरचं बटण दाबलं की तो यादीतल्या पहिल्या माणसाच्या मण्याला विचारणार, त्यानं ‘घेतलं’ म्हटलं की हिरवा दिवा लावून तिथंच थांबणार. सुटसुटीत, स्वच्छ नियम. फक्त एक अट होती, की कोणी खोटं ‘माझं’ म्हणायचं नाही.

“आणि बाजारात सोडल्यावर काय झालं? एका दूधवाल्या कंपनीचा ड्रायव्हर, नाव घेत नाही, खण न उघडताच प्रत्येक वेळी ‘माझं’ म्हणत होता. लोकांच्या बायका दवाखान्यातून हाका मारत होत्या आणि नवऱ्यांना लस्सीची आठवण होत होती.” आता मात्र हशा पिकला. “हसू नका. खोटा नकार परवडतो, पोरांनो. निदान पुढच्याला विचारलं जातं. खोटा होकार म्हणजे निव्वळ हरामखोरी, कारण तो वाट अडवून बसतो आणि हाक मारणाऱ्याला वाटतं, पोचलं.”

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, “मॅडम, तुमच्या मण्यात कोणतं व्हर्जन आहे?”

“माझं,” सुनेत्रा म्हणाली. “कंपनीचा ड्रायव्हर मी कानात घालत नाही. अपडेट घेत नाही. यंत्रानं लिहिलेला आणि तुम्ही न वाचलेला कोड माझ्या मज्जातंतूला लावू? तीन वर्षांपूर्वी मी स्वतः लिहिला, तोच आहे. दिवसातून चार हाका येतात, चारही कामाच्या. एक फालतू हाक आजवर आलेली नाही.”

टाळ्या पडल्या. सादघरचा उत्पादनप्रमुख ओजस पारखी, वय एकतीस, दाराशी उभा राहून मान डोलावत होता. त्याच्याबद्दल सुनेत्राचं मत एका वाक्यात संपायचं आणि ते वाक्य छापण्यासारखं नव्हतं.

भाषणानंतर बैठक सुरू झाली. एकच्या सुमाराला तिचा टेबलावरचा जुना फोन थरथरला. धाकटा भाऊ, अभिनंदन. तिनं फोन पालथा घातला. पुन्हा थरथरला, तिनं पुन्हा तेच केलं. अभी इचलकरंजीत विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा आणि मोठ्या बहिणीला कधी फोन करायचा नाही. केलाच तर डब्याची बॅटरी कुठून घ्यायची असलं काहीतरी विचारायचा. खरोखरच काही निकड असती तर मण्यातून हाक आली असती. ती तर आली नव्हती.

अर्ध्या तासानं तिनं संदेश पाहिला. ‘आक्का, अण्णा सकाळी पडले. मिरजेला आणलंय. मांडीचं हाड मोडलंय. ये.’

मिरजेच्या गाडीत बसल्या बसल्या सुनेत्राचं डोकं पेटत गेलं. काळजी होतीच, पण काळजीला तिच्याकडे नेहमी रागाच्या मागून यावं लागायचं. सगळा राग अभीवर होता. वर्षभरापूर्वी, दिवाळीत, ती जयसिंगपूरला गेली तेव्हा तिनं अण्णांच्या डब्यातली नोंद काढून पाहिली होती. तेव्हा यादीत पहिलं नाव अभीचं होतं आणि दुसरं शेजारच्या राजमतीकाकू चौगुल्यांचं. दहातल्या सात हाकांना अभीनं ‘नाही’ म्हटलेलं होतं. सात! मग डबा राजमतीकाकूंना विचारायचा आणि ती म्हातारी गुडघे धरत येऊन अण्णांना बघून जायची.

“लाज नाही वाटत?” तेव्हा तिनं अभीला सगळ्यांदेखत झापलं होतं. “सख्खा मुलगा वीस किलोमीटरवर, आणि शेजारणीनं धावायचं?”

“हात ग्रीसनं भरलेले असतात आक्का. जमत न्हाई तेव्हा न्हाई म्हणतो. मग काकूंना जातंय की.”

“मोठी मी आहे. मी पहिली.” आणि तिनं स्वतःचं नाव सगळ्यात वर घातलं होतं, स्वतःच्या हातानं.

“मग निदान लाल बटण तरी सगळ्यांना एकदम जाऊ दे,” अभी म्हणाला होता.

“अक्कल पाजळू नकोस. सगळ्यांना बोलावलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा जाईल. हे मी लिहिलंय, तू मला शिकवू नकोस.”

त्यानंतरच्या अकरा महिन्यांत अण्णांची एकही हाक आली नाही, आणि सुनेत्राला त्याचा केवढा अभिमान! ऑफिसात दुसऱ्यांचे म्हातारे तासातासाला हाका मारायचे, ते बघून ती नाक मुरडायची. आमचे अण्णा उठसूट हाका मारणाऱ्यांतले नाहीत, असं ती जेवणाच्या टेबलावर दहा वेळा तरी म्हणाली असेल. रविवारी अकराला ते साध्या फोनवर बोलायचे, तेवढं पुरे होतं. त्या वेळी तिच्यासमोर पडद्यावर कोणाचातरी कोड उघडा असायचा, आणि ती चुका शोधता शोधता ‘हो अण्णा’, ‘हो हो’, ‘मिळाली की’ असं म्हणत राहायची. बारा मिनिटांत फोन संपायचा.

मिरजेच्या दवाखान्यात ती पोचली तेव्हा पाच वाजत आले होते. खिडक्यांतून तिरकं ऊन आत आलं होतं. अभी बाकावर बसला होता, कामाच्याच कपड्यांत, मांडीवर एक कापडी पिशवी. शेजारी राजमतीकाकू, सकाळी बस्तीला, म्हणजे जैन देवळात, जाताना नेसलेल्या लुगड्यात, डोळे पुसत.

“कधी पडले?” सुनेत्रानं उभ्या उभ्याच विचारलं.

“सव्वासातला. न्हाणीत.”

“आणि कोणी पाहिलं?”

“मी,” काकू म्हणाल्या. “रोज बस्तीतनं येताना अभिषेकाचं गंधोदक घेऊन येते बघ अण्णांना. साडेआठला यायची ती. आज बस्तीत विधानाची मोठी पूजा होती, साडेबारा वाजले. दार ढकललं तर...”

सव्वासात ते साडेबारा. सुनेत्रानं हिशेब केला आणि भावाकडे वळली. “सव्वापाच तास! एवढ्या वेळात शुद्धसुद्धा हरपली असेल माणसाची. तू काय करत होतास?”

“मला हाक आलीच न्हाई, आक्का.”

“आली नाही, की ‘नाही’ म्हणालास? दाबून टाकली असशील. सवय आहे तुझी.”

“आक्का, पहिली हाक तुला जाती.”

“मला आली असती तर मी उचलली असती! गळ्यातल्या बटणाला हात पोचला नसेल त्यांचा. नाहीतर माझ्या नावावर आलेली हाक...”

“बटण दाबलंय त्यांनी,” अभी म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. त्यानं पिशवीतून डबा काढला. “डॉक्टरांना पडल्याची वेळ बघायची होती म्हणून घेऊन आलो. मला ह्यातलं काही वाचता येत न्हाई. तूच बघ.”

बघतेच, आणि तुझ्या तोंडावर दाखवते, असं मनाशी म्हणत सुनेत्रानं डबा ओढून घेतला, आपला पडदा त्याला जोडला आणि नोंद उघडली. डब्याला आणि पदकाला तीच तीन बटणं असत, जोडीला एक दिवा. लाल म्हणजे पडलो किंवा दुखतंय. पिवळं म्हणजे मदत हवी. पांढरं म्हणजे काही नाही, सहज.

गुरुवार, सकाळी सात वाजून अठरा मिनिटं. लाल. पहिली विचारणा: सुनेत्रा. उत्तर: घेतलं. पुढील विचारणा: गरज नाही.

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. मग वरची वाचली. गेल्या शनिवारी, पांढरं, सुनेत्रा, घेतलं. त्याच्या आधीच्या बुधवारी, पांढरं, घेतलं. ती वर वर जात राहिली. पिवळं, घेतलं. पांढरं, घेतलं. पांढरं, पांढरं, पांढरं. दिवाळीपर्यंत मागं गेल्यावर तिनं यंत्राकडून मोजून घेतलं. चोपन्न पांढऱ्या, सहा पिवळ्या, एक लाल. एकसष्ट हाका आणि एकसष्ट होकार, सगळे तिच्या नावावर.

“काय म्हणतंय?” अभीनं विचारलं.

“थांब जरा.”

तिला वाटलं, डबाच बिघडलेला असणार. कुठल्यातरी गाढवानं न वाचता पाठवलेलं अपडेट असणार. तिनं आपला मणी पडद्याला जोडला आणि त्यातली यादी उघडली. तार खेचली गेली की ज्या क्रमानं विचारायचं ती यादी. पहिलं नाव, ऑफिस. ते बरोबर होतं. शेवटचं नाव, घर. तेही बरोबर होतं, नवी नोंद नेहमी यादीच्या तळाला जाते. या दोघांच्या मध्ये आणखी एक नाव होतं.

नाव होतं ‘गप्प’.

तीन वर्षांपूर्वी ऑफिसची हाक तपासताना तिला दुसऱ्या हाकांची कटकट नको होती. म्हणून तिनं एक खोटी नोंद करून ठेवली होती. ऑफिसचं नसेल ते सगळं या नोंदीनं ‘माझं’ म्हणून घ्यायचं आणि पुढं काहीच करायचं नाही. झटका नाही, हाक नाही. तिच्यानंतर कोणाला विचारलंच जाणार नाही. फक्त दोन ओळींचा कोड होता. त्याखाली तिचीच टीप होती: ‘चाचणी संपली की काढणे. सु. म.’

कंपनीच्या अपडेटनं असल्या खोट्या नोंदी दीड वर्षापूर्वीच शोधून उपटून टाकल्या होत्या. ती तपासणी सुनेत्रानंच लिहिली होती, आणि लाखो लोकांच्या मण्यांत ती बसली होती. फक्त जिला दुसऱ्यांचा कोड कानात नको होता, तिच्याच कानात ती पोचली नव्हती.

दिवसातून चार हाका, चारही कामाच्या! साठ पोरांसमोर मिरवलं होतं तिनं, आणि त्या वेळी अण्णा न्हाणीच्या फरशीवर होते.

तेवढ्यात तिच्या कानामागून झटका बसला आणि लक्ष आपोआप खेचलं गेलं. ऑफिस. यादीत पहिलं. ओजस विचारत होता, सकाळचं भाषण झकास झालं, त्यातला खोट्या होकाराचा भाग जाहिरातीत वापरला तर चालेल का. तिनं मणी बंद केला. आयुष्यात पहिल्यांदाच तिला ओजस पारखी तिच्याहून मूर्ख वाटला नाही.

“अभी,” ती म्हणाली, “डबा नीट आहे. माझ्याच मण्यात घोटाळा होता. मीच केलेला.”

अभीनं तिच्याकडे पाहिलं. बोलायला त्याच्याजवळ बरंच होतं, आणि बोलला असता तर बरं झालं असतं. “अण्णा जागे आहेत,” एवढंच म्हणून त्यानं दाराकडे हात केला.

अण्णा पंच्याऐंशीचे होते. पाय वजनाला बांधलेला होता, चेहरा उतरला होता, पण डोळे एक्सचेंजच्या बोर्डासमोर बसलेल्या माणसाचे होते तसेच. दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया होती. डॉक्टरांनी या वयात काही सांगता येत नाही असं सांगितलं होतं, आणि ते अण्णांनी ऐकलं होतं.

“आलीस?” ते म्हणाले.

सुनेत्रानं खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. लपवलं काहीच नाही, तेवढा प्रामाणिकपणा तिच्यात होता. यादी, ‘गप्प’, काढायची राहिलेली नोंद, न घेतलेलं अपडेट. दुसऱ्या कोणाला हे समजावताना तिला घाम फुटला असता, पण अण्णांना तारांच्या गोष्टी समजावाव्या लागत नसत.

“म्हणजे पलीकडं फोन उचलला जायचा,” ते सावकाश म्हणाले, “आणि कानाला कोणी लावतच नव्हतं.”

“हो, अण्णा.”

“आमच्या वेळी एक आडत्या होता असला. घंटीचा आवाज आवडायचा न्हाई म्हणून कोणाचीही रिंग आली की उचलून बाजूला ठेवायचा. डॉक्टरला लोक बोलवायचे आणि त्यांना वाटायचं डॉक्टरनंच उचलला. शेवटी मी जाऊन त्याची तार सोडवून आलो.” ते जरा थांबले. दम लागत होता. “दिवाळीत तू डब्यात तुझं नाव वर घातलंस, तेव्हाच मी बटण दाबून बघितलं होतं. तू समोर उभी होतीस. हिरवा दिवा लागला.”

“मला काही जाणवलं नव्हतं तेव्हा. मी...”

“तू अभीला बोलत होतीस.”

मग तिला जे म्हणायचं होतं ते तिनं म्हटलं, कारण तेवढं एक अजून तिच्या बाजूचं उरलं होतं. “पण अण्णा, मला खरंच माहीत नव्हतं. एकही हाक मला कळली नाही. कळली असती आणि मी आले नसते, असं तुम्हाला वाटलं असेल तर तसं नव्हतं. ते यंत्र ‘माझं’ म्हणत होतं. मी म्हटलं नव्हतं.”

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तरी तिला सोसलं असतं.

“सुनू, मी ऑपरेटर होतो,” ते म्हणाले. “तार जोडली की विचारायची सवय आहे मला. दर रविवारी तुला विचारायचो. बुधवारी हाक मारलेली, मिळाली का? शनिवारी मारलेली, मिळाली का? तू म्हणायचीस, हो हो, मिळाली की.”

सुनेत्राची मान वर झाली.

“तेव्हा कुठला ड्रायव्हर बोलत होता?”

पडद्यावरचा कोड आठवला तिला. दुसऱ्यांच्या चुका. अण्णांचा आवाज कानाला लागलेला, खण न उघडता दिलेला होकार, बारा मिनिटांत संपलेला फोन. हे खोटं तिच्या मण्यानं केलेलं नव्हतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि ते लपवायला तिच्याजवळ एकही तिखट वाक्य नव्हतं.

“मला वाटायचं, ऐकू तर येतंय पोरीला,” अण्णा म्हणाले. “घरी येत न्हाई म्हणजे कामात असेल. म्हणून मग पांढरंच दाबायचो. तेवढ्यासाठी कोण पुण्याहून येतंय. आज लाल दाबलं. दिवा हिरवा झाला. म्हटलं, आता येईल. पुण्याहून यायला तीन तास धरले. मग चार धरले.”

“अण्णा...”

“अभी न्हाई म्हणायचा तेव्हा वाईट वाटायचं, पण मला कळायचं, की आता राजमतीला जाईल. दोन मिनिटांत तिची चप्पल वाजायची अंगणात.” त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. “तो डबा आणलाय न्हवं अभीनं? तुझं नाव काढ त्यातनं.”

“अण्णा, मी आत्ता दुरुस्त करते. दोन ओळी आहेत फक्त. इथंच बसून काढते ती नोंद. परत असं...”

“त्या दोन ओळी काढ तू. पण नाव पण काढ. उद्या ऑपरेशन आहे. घरी गेलो तर मला बटण दाबल्यावर कोण येणार ते माहीत पाहिजे. तू येशील तेव्हा ये. आलीस की बस. यादीत नको.”

अभी दारात येऊन उभा होता. त्यानं ऐकलं होतं. “अण्णा, असू दे की तिचं नाव, खाली कुठंतरी,” तो म्हणाला.

“न्हाई,” अण्णा म्हणाले.

वर्षभर जिच्यापुढं तोंड उघडायची त्याची छाती झाली नव्हती, तिच्यासाठी तो रदबदली करत होता. एरवी सुनेत्रानं त्याला जागच्या जागी गप्प केलं असतं. आता तिनं नुसता हात पुढं केला, आणि त्यानं डबा तिच्या हातात दिला.

नावं तिलाच काढता येत होती, दुसऱ्या कोणाला ती रीत माहीत नव्हती. तिनं यादी उघडली. अभिनंदन वर गेला, राजमतीकाकू त्याच्या खाली आल्या, आणि लाल बटण दोघांनाही एकदम जाईल असं तिनं करून ठेवलं. दोघंही धावत आले तर येऊ देत. मग स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. डब्यानं विचारलं, हे नाव कायमचं काढायचं आहे का? खाली दोन खुणा होत्या, हो आणि नाही. तिनं प्रश्न शेवटपर्यंत वाचला, अण्णांकडे पाहिलं, त्यांची मान हलेपर्यंत थांबली आणि ‘हो’ दाबलं.

तो बासष्टावा होकार. एवढाच तिनं विचारून दिला होता.